उत्तेजक औषधांचा दुरुपयोग

केंद्रीय तंत्रिका तंत्राचे (मेंदू व मेरुरज्जू यांचे) कार्य वाढविणारी व केवळ वैद्याच्या लेखी सूचनेवरून मिळणारी औषधे रोगोपचाराखेरीज अन्य हेतूने, ठरवून दिलेल्या मात्रेहून अधिक प्रमाणात, वेगळ्या मार्गाने किंवा दुसऱ्या व्यक्तीसाठी दिलेली असताना घेणे, यास उत्तेजक औषधांचा दुरुपयोग म्हणतात. या वर्गात अँफेटामीन, त्याचे दक्षिण-वलनी रूप डेक्स्ट्रोअँफेटामीन, मेथिलफेनिडेट, लिसडेक्सअँफेटामीन तसेच पूर्वी वजन घटविण्यासाठी दिले जाणारे फेनमेट्राझीन इ. औषधांचा समावेश होतो. रासायनिक दृष्ट्या मेथॅम्फेटामीन हेही याच कुळातील आहे. कॅफीन हे उत्तेजक असले, तरी ते सौम्य असल्यामुळे आणि कोकेन हे आज प्रामुख्याने अवैध मार्गानेच मिळत असल्यामुळे त्यांचा विचार येथे केलेला नाही.

ही औषधे घातक म्हणून टाकून देण्याजोगी नाहीत. अवधान-न्यूनता व अतिचलता विकार (‘एडीएचडी’ या आद्याक्षरांनी सामान्यतः ओळखला जाणारा) आणि नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अनावर झोपेचे झटके येण्याचा विकार, या दोहोंत त्यांचा गुण निर्विवाद आहे. अडचण निराळी आहे. ज्या गोळीने एका मुलाचे शाळेतील चित्त स्थिर होते, तीच गोळी त्याच्या मित्राच्या हाती परीक्षेच्या आदल्या रात्री पडते. देणाऱ्यास आपण औषध दिले असे वाटते, घेणाऱ्यास आपण व्यसन केले असे वाटत नाही आणि दोघांपैकी कोणासही त्या दुसऱ्याच्या हृदयाची स्थिती ठाऊक नसते. दुरुपयोगासाठी घेतलेल्या गोळ्या बहुधा चोरबाजारातून नव्हे, तर स्नेही व नातेवाईक यांच्याकडूनच येतात, असे अमेरिकेतील पाहण्यांत वारंवार आढळले आहे.

इतिहास : अँफेटामिनाचे संश्लेषण (कृत्रिम रीतीने तयार करणे) रूमानियन रसायनशास्त्रज्ञ लाझार एडेलेआनू यांनी १८८७ मध्ये बर्लिन येथे केले, पण त्याचा औषधी गुणधर्म कोणाच्याच लक्षात न आल्याने ते चाळीस वर्षे पडून राहिले. दरम्यान एफेड्रा या झुडपापासून मिळणारे एफेड्रीन दम्यावर उपयुक्त ठरले. चीनमध्ये हे झुडूप माहुआंग या नावाने फार प्राचीन काळापासून औषधात वापरतात. जपानी शास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी त्यातील एफेड्रीन वेगळे केले व १८९३ मध्ये त्यापासून मेथॅम्फेटामीन बनविले. एफेड्रिनाला स्वस्त पर्याय शोधताना अमेरिकेतील गॉर्डन ॲलेस यांनी १९२७ मध्ये अँफेटामीन पुन्हा तयार केले आणि १९२९ मध्ये ते स्वतःच्या शरीरात टोचून घेऊन त्याचे परिणाम नोंदविले. १९३० नंतरच्या दशकात ‘बेंझेड्रीन’ या नावाने ते चोंदलेल्या नाकासाठी हुंगण्याच्या नळीतून विकले जाऊ लागले. या विक्रीस वैद्याची सूचना लागत नसे. नळी फोडून आतील औषधाने भिजलेली कागदाची पट्टी कॉफीत बुडवून पिण्याची युक्ती लोकांना लवकरच सापडली. या औषधकुळाच्या दुरुपयोगाचा आरंभ तेथे झाला, असे म्हणता येईल.

नार्कोलेप्सीवरील त्याचा उपयोग १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला. १९३७ मध्ये चार्ल्‌स ब्रॅडली या अमेरिकन वैद्यांनी वर्तनसमस्या असलेल्या ३० मुलांना बेंझेड्रीन दिले. मेंदूच्या क्ष-किरण तपासणीनंतर होणारी डोकेदुखी थांबावी, हा मूळ हेतू होता. डोकेदुखी फारशी थांबली नाही, परंतु सुमारे निम्म्या मुलांचा अभ्यास लक्षणीय सुधारला. उत्तेजक दिल्यावर चंचल मूल शांत व्हावे, हा विरोधाभास त्या वेळी कोणासच उलगडला नाही. याच सुमारास मिनेसोटा विद्यापीठातील मानसशास्त्रीय प्रयोगांत या गोळ्या दिल्या गेल्या आणि रात्र जागवून अभ्यास करता येतो, ही वार्ता अमेरिकेतील विद्यार्थ्यांत पसरली. म्हणजे औषध म्हणून मान्यता मिळणे आणि परीक्षेसाठी ते चोरून घेतले जाणे, या दोन्ही गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या.

मेथिलफेनिडेट हे लेआंद्रो पानित्सोन यांनी १९४४ मध्ये बाझेल (स्वित्झर्लंड) येथे तयार केले. त्यांच्या पत्नी मार्गेरित यांचे लाडके नाव ‘रीटा’ असे होते. त्यावरून औषधास ‘रिटालिन’ हे व्यापारी नाव मिळाले. १९५४ पासून ते बाजारात आले.

दुसऱ्या महायुद्धात सर्वच प्रमुख राष्ट्रांच्या सैन्यांनी ही औषधे वापरली. जर्मनीत मेथॅम्फेटामीन ‘पेर्व्हिटिन’ या नावाने १९३८ मध्ये विक्रीस आले व १९४० च्या फ्रान्सवरील मोहिमेच्या सुमारास भूदल व वायुदल यांना सु. ३.५ कोटी गोळ्या पुरविण्यात आल्या. जागरण साधले, पण त्यानंतर सैनिक दिवसेंदिवस निकामी होतात, असे लक्षात आल्यावर १९४१ मध्ये तेथेच त्यावर अफूच्या कायद्याखाली निर्बंध घालावे लागले. ब्रिटिश व अमेरिकन सैन्यांत बेंझेड्रीन वाटले जाई. जपानची स्थिती याहून बिकट झाली. युद्धसमाप्तीनंतर लष्करी साठे बाजारात आले. उद्ध्वस्त शहरांतील बेकार तरुण, रात्रपाळीचे कामगार, लेखक, नट असे सर्व थरांतील लोक ‘हिरोपॉन’ या नावाने मिळणारे मेथॅम्फेटामीन प्रथम गोळ्यांतून व नंतर सुईने घेऊ लागले. १९५१ मध्ये जपानने उत्तेजक नियंत्रणाचा स्वतंत्र कायदा केला; तरीही १९५४ या एकाच वर्षात त्याखाली ५५,००० हून अधिक लोकांना अटक झाली. कारखान्यात बनलेल्या शुद्ध औषधानेही समाजव्यापी साथ उद्‌भवू शकते, हे प्रथम तेथे दिसून आले.

स्वीडनचा अनुभव दुसऱ्या टोकाचा आहे. तेथे व्यसनी व्यक्तींना चोरबाजारापासून दूर ठेवण्यासाठी १९६५–६७ या काळात स्टॉकहोम येथे वैद्यांकरवीच उत्तेजके व अफूजन्य औषधे लिहून देण्याचा प्रयोग झाला. मिळालेल्या औषधाचा काही भाग रोगी आपल्या मित्रांत वाटू लागले आणि प्रयोग गुंडाळावा लागला. अमेरिकेत १९७१ मध्ये अँफेटामीन व मेथिलफेनिडेट यांचे उत्पादन कडक नियंत्रणाखाली आले. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचा मनोव्यापारावर परिणाम करणाऱ्या द्रव्यांसंबंधीचा करार संमत झाला. तो १९७६ मध्ये अंमलात आला. अवधान-न्यूनतेच्या निदानाचे प्रमाण १९९० नंतर वाढत गेले, ‘ॲडरॉल’ हे अँफेटामीन लवणांचे मिश्रण १९९६ मध्ये अमेरिकेत विक्रीस आले आणि दुरुपयोगाचे केंद्र सैनिक व गृहिणी यांच्याकडून पुन्हा एकदा विद्यार्थ्यांकडे सरकले.

क्रिया : तंत्रिका कोशिका एकमेकींना संदेश देताना आपल्या टोकांशी डोपामीन, नॉरॲड्रेनॅलीन यांसारखी द्रव्ये सोडतात व काम झाल्यावर ती परत ओढून घेतात. मेथिलफेनिडेट हे परत ओढून घेण्याचा मार्ग अडविते. अँफेटामीन त्याच मार्गाने कोशिकेत शिरते, साठविलेले डोपामीन पुटिकांतून बाहेर काढते व त्यास उलट दिशेने बाहेर लोटते. परिणामी दोन्ही औषधांमुळे मेंदूच्या अग्रखंडात या द्रव्यांचे प्रमाण वाढते. अवधान-न्यूनता असलेल्या व्यक्तीत थोड्या मात्रेने अग्रखंडाचा आवेगांवरील ताबा सुधारतो. ब्रॅडली यांना पडलेल्या कोड्याचे उत्तर बहुतांशी यात आहे. मात्रा वाढली की मेंदूतील सुखसंवेदनेशी निगडित भागांतही डोपामीन उसळते आणि तीच उसळी व्यसनाचे मूळ ठरते.

ही उसळी मात्रेएवढीच वेगावर अवलंबून असते. पोटात घेतलेल्या गोळीचे औषध रक्तात हळूहळू चढते. तीच गोळी कुटून नाकाने ओढली किंवा पाण्यात विरघळवून नीलेत टोचली, तर काही मिनिटांत मेंदूत पोहोचते. सावकाश झिरपणाऱ्या संपुटातील मणी कुटले असता दिवसभरासाठी योजलेली सर्व मात्रा एकदम शरीरात जाते. म्हणूनच ‘वैद्य देतात तेच तर औषध’ हा युक्तिवाद टिकत नाही. औषध तेच असले, तरी रक्तातील त्याचा चढ निराळा असतो.

शरीरातून औषध जाण्याचा वेगही सारखा नसतो. मेथिलफेनिडेटाचे रक्तातील प्रमाण दोन-तीन तासांत निम्मे होते. डेक्स्ट्रोअँफेटामिनास त्यासाठी दहा-बारा तास लागतात व मूत्र क्षारीय असेल, तर याहूनही अधिक. पित्तावर खाण्याचा सोडा घेणाऱ्या मनुष्यात हे औषध अपेक्षेपेक्षा बराच वेळ टिकते. मध्यरात्री घेतलेल्या गोळीचा अंमल दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या दालनात व पुढच्या रात्री अंथरुणातही चालू असतो, हे तिचा वापर करणाऱ्यांच्या ध्यानात सहसा येत नाही.

बुद्धी वाढते काय? : दुरुपयोगाचे सर्वांत प्रचलित समर्थन अभ्यासाचे असल्याने या प्रश्नाचा विचार येथे करणे आवश्यक आहे. थकलेल्या व न झोपलेल्या माणसास ही औषधे जागे ठेवतात, कंटाळवाण्या कामात गुंतवून ठेवतात, याविषयी शंका नाही. परंतु निरोगी व विश्रांती घेतलेल्या व्यक्तीत स्मरण अथवा आकलन यांत होणारी वाढ अल्प असते व पुष्कळदा ती दिसतच नाही. वाढतो तो आत्मविश्वास. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४० निरोगी तरुणांना मेथिलफेनिडेट (३० मिग्रॅ.), डेक्स्ट्रोअँफेटामीन (१५ मिग्रॅ.), मोडाफिनिल (२०० मिग्रॅ.) व निष्क्रिय गोळी आळीपाळीने देऊन वजनाच्या मर्यादेत अधिकात अधिक किमतीच्या वस्तू थैलीत भरण्याचे कोडे सोडविण्यास दिले. औषध घेतल्यावर त्यांनी अधिक वेळ व अधिक चाली खर्च केल्या, पण प्रत्येक चालीचा दर्जा घसरला. जे एरव्ही सरासरीपेक्षा सरस होते त्यांपैकी अनेक जण सरासरीखाली गेले. जागरणाने वाया गेलेली झोप ही आणखी एक हानी आहे, कारण दिवसा शिकलेले पक्के होण्याचे काम झोपेतच होते.

शारीरिक दुष्परिणाम : अनुकंपी तंत्रिकांच्या उद्दीपनामुळे नाडी जलद होते, रक्तदाब वाढतो, बाहुल्या विस्फारतात, तोंड कोरडे पडते, भूक मरते, हातांना कंप सुटतो व दातांवर दात घासले जातात. उपचाराच्या मात्रेत ही लक्षणे सौम्य असतात. योग्य तपासणीनंतर औषध घेणाऱ्या मुलांत व तरुणांत हृदयाचे गंभीर आघात वाढत नाहीत, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सु. १२ लाख व्यक्तींच्या अमेरिकन पाहणीत दिसले. मात्र अनेक वर्षे, विशेषतः अधिक मात्रेत, औषध चालू ठेवणाऱ्यांत उच्च रक्तदाब व रोहिण्यांचे विकार यांचे प्रमाण वाढते, असे नंतरच्या स्वीडिश पाहणीत आढळले आहे. त्यामुळे तज्ञ वैद्य देखील नाडी व रक्तदाब ठराविक काळाने पाहत राहतात. औषध सुरू करण्यापूर्वी घराण्यात कोणास तरुणपणी अचानक मृत्यू आला होता काय, मुलास कधी मूर्च्छा आली होती काय, छातीत धडधडते काय, असे प्रश्न ते विचारतात. मित्राकडून गोळी घेणाऱ्यास हे प्रश्न कोणीच विचारत नाही.

अधिक मात्रेत हृदयाचे स्पंदन अनियमित होते, हृद्-रोहिणी आकसून तरुण वयातही हृदयविकाराचा झटका येतो आणि दीर्घकाळच्या सेवनाने हृदयस्नायू दुबळा होऊन हृदय फुगते. रक्तदाबाच्या एकाएकी झालेल्या वाढीमुळे मेंदूत रक्तस्राव होऊन पक्षाघात होऊ शकतो. विशीतील रोग्यास पक्षाघात झाला असता कारणांच्या यादीत उत्तेजकांचा विचार करावाच लागतो. याखेरीज आकडी येणे, हातापायांची बोटे थंड व निळसर पडणे आणि क्वचित पुरुषांत दीर्घकाळ टिकणारे वेदनामय लिंगोत्थान हेही परिणाम आढळतात. शेवटच्या तक्रारीत लाजेने विलंब केल्यास कायमचे अपंगत्व येते. म्हणून तिचा स्पष्ट उल्लेख करणे इष्ट आहे.

शरीराचे तापमान बेसुमार वाढणे हा सर्वांत धोक्याचा परिणाम होय. ही औषधे एकीकडे स्नायूंची हालचाल व उष्णतेची निर्मिती वाढवितात आणि दुसरीकडे त्वचेतील रक्तवाहिन्या आकसवून उष्णता बाहेर जाण्याची वाट बंद करतात. शिवाय थकव्याची जाणीव बोथट झाल्यामुळे मनुष्य थांबत नाही. ब्रिटिश सायकलपटू टॉम सिंप्सन १३ जुलै १९६७ रोजी ‘टूर द फ्रान्स’ या शर्यतीत माँ व्हाँतू या पर्वताच्या चढावर कडक उन्हात कोसळले व मरण पावले. त्या वेळी ते २९ वर्षांचे होते. त्यांच्या अंगरख्यात अँफेटामिनाच्या नळ्या सापडल्या व शवपरीक्षेत अँफेटामीन आणि मद्य आढळले. त्यानंतरच खेळाडूंच्या उत्तेजक-चाचण्यांना खरी गती आली. तापमान ४१° से. च्या वर गेल्यास स्नायूंचे तंतू विघटित होतात, त्यांतील प्रथिन मूत्रपिंडात अडकून मूत्रनिर्मिती थांबते आणि रक्त गोठण्याची यंत्रणा कोलमडते. आपल्याकडील एप्रिल-मेचे दिवस, व्यायाम आणि उत्तेजक औषध यांचा संयोग या दृष्टीने विशेष भयावह आहे.

गोळी विरघळवून टोचून घेणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक हानी होते. गोळीस आकार व घट्टपणा देण्यासाठी शंखजिरे, स्टार्च यांसारखी न विरघळणारी द्रव्ये मिसळलेली असतात. ती रक्तातून फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत जाऊन अडकतात, त्यांभोवती गाठी बनतात व फुप्फुसांचा खालचा भाग फुगून निकामी होतो. मेथिलफेनिडेट टोचून घेणाऱ्या तरुणांत हा विकार इतका ठराविक स्वरूपात दिसला की, क्ष-किरण चित्रावरूनच त्याची शंका घेता येते. सामायिक सुयांमुळे होणारी यकृतशोथ व एड्स यांची लागण निराळीच. नाकाने ओढणाऱ्यांत नाकातील पडद्यास व्रण पडतात.

वाढत्या वयातील मुलांमध्ये भूक मंदावल्याने वजन व उंची यांची वाढ काहीशी कमी होते. सात ते दहा वर्षांच्या ज्या मुलांनी तीन वर्षे सतत औषध घेतले, त्यांची उंची अपेक्षेपेक्षा सरासरीने सु. २ सेंमी. व वजन सु. २.७ किग्रॅ. कमी भरले. उपचारात हा तोटा लाभाशी तोलून स्वीकारला जातो. केवळ सडपातळ होण्यासाठी हीच औषधे घेणाऱ्या मुलींमध्ये तोलून पाहण्यासारखा लाभच नसतो, कारण काही आठवड्यांत भुकेवरील परिणाम ओसरतो आणि मात्रा वाढविण्याची ओढ तेवढी शिल्लक राहते.

मानसिक दुष्परिणाम : चिडचिड, निद्रानाश, अकारण भीती व बडबड ही प्रारंभीची लक्षणे होत. यांपुढे अँफेटामीनजन्य मनोविकृती येते. फिलिप कॉनेल यांनी लंडन येथे १९५८ मध्ये ४२ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध करून तिचे स्वरूप प्रथम सविस्तर दाखवून दिले. रोगी शुद्धीवर असतो, दिवस-वार अचूक सांगतो, परंतु आपला कोणीतरी पाठलाग करीत आहे, शेजारी आपल्याविषयी कुजबुजत आहेत, अंगावर किडे फिरत आहेत, असे त्यास खात्रीने वाटते. आवाज ऐकू येतात. छिन्नमानस या विकाराशी तिचे साम्य इतके असते की, मूत्रपरीक्षेवाचून वैद्यही फसतो. ही विकृती मुळातच मनाने दुबळ्या लोकांत होते, असा समज पूर्वी रूढ होता. १९७० च्या सुमारास अमेरिकेत स्वयंसेवकांना थोड्या थोड्या वेळाने डेक्स्ट्रोअँफेटामीन देऊन काही दिवसांतच ती प्रत्यक्ष निर्माण करून दाखविण्यात आली, तेव्हा तो समज ढासळला. (असा प्रयोग करण्यास आज कोणतीही नीतिसमिती अनुमती देणार नाही.) उपचारासाठी औषध सुरू केलेल्या तरुणांतही नव्याने मनोविकृती झाल्याचे प्रमाण २०१९ च्या एका अमेरिकन पाहणीत सु. ६६० मध्ये १ असे आढळले. अँफेटामीन घेणाऱ्यांत ते मेथिलफेनिडेटाच्या सु. दुप्पट होते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार ३० मिग्रॅ. हून अधिक डेक्स्ट्रोअँफेटामिनाएवढी दैनिक मात्रा घेणाऱ्यांत मनोविकृती वा उन्माद यांचा धोका पाचपटींहून अधिक होता.

औषध थांबविल्यावर बहुतेकांची ही लक्षणे काही दिवसांत जातात. काहींची मात्र टिकून राहतात. तसेच एकदा मनोविकृती झालेल्या व्यक्तीस पुढे अल्प मात्रेनेही ती पुन्हा होऊ शकते.

आसक्ती : नियमित सेवनाने शरीर औषधास सरावते व तोच परिणाम साधण्यास अधिक मात्रा लागते. नंतर दोन-तीन दिवस न झोपता, न जेवता लागोपाठ औषध घेण्याचे सत्र आणि त्यापाठोपाठ गळून पडण्याचा काळ, असे चक्र सुरू होते. या दुसऱ्या अवस्थेत रोगी चोवीस तासही झोपतो, उठल्यावर अधाशीपणे खातो, पण मन विलक्षण खिन्न होते व कशातच रस उरत नाही. अफूच्या व्यसनातील उलट्या, कळा यांसारखे दृश्य त्रास येथे नसल्यामुळे ‘हे व्यसन नव्हे’ असा गैरसमज दीर्घकाळ टिकला. वस्तुतः आत्महत्येचा धोका याच शांत दिसणाऱ्या काळात सर्वाधिक असतो [⟶ औषधासक्ति].

इतर द्रव्यांशी संयोग : मद्याबरोबर उत्तेजक घेतले असता नशेची जाणीव लपते, मद्याचे प्रत्यक्ष परिणाम मात्र लपत नाहीत, मनुष्य आपण शुद्धीवर आहोत अशा समजुतीने पीत राहतो व वाहनही चालवितो. मेथिलफेनिडेट व मद्य यांपासून यकृतात एथिलफेनिडेट हे तिसरेच उत्तेजक बनते. अवसादावरील मोनो-अमाइन ऑक्सिडेज रोधक औषधे चालू असताना, किंवा बंद केल्यापासून चौदा दिवसांच्या आत, उत्तेजक घेतल्यास रक्तदाब प्राणघातक पातळीस जाऊ शकतो. वेदनाशामक ट्रॅमॅडॉल व अवसादावरील काही इतर औषधे यांच्या जोडीने सेरोटोनिनाचे प्रमाण वाढून ताप, ताठरपणा व संभ्रम उद्‌भवतात.

नकली गोळ्यांचा धोका अलीकडे फार वाढला आहे. अमेरिकेत ऑक्टोबर २०२२ मध्ये ॲडरॉलच्या गोळ्यांचा तुटवडा शासनाने जाहीर केला. अस्सल गोळीसारखा रंग व छाप असलेल्या, पण आत मेथॅम्फेटामीन किंवा फेंटानिल भरलेल्या गोळ्या तेथे समाजमाध्यमांवरून विकल्या जातात. फेंटानिल हे अफूसारखी क्रिया करणारे द्रव्य असून त्याची दोन मिग्रॅ. मात्राही श्वसन थांबवू शकते. जागण्यासाठी घेतलेल्या गोळीने कायमची झोप आल्याच्या घटना तेथे नोंदल्या गेल्या आहेत. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सर्व उत्तेजक औषधांच्या वेष्टनावरील ठळक इशाऱ्यात दुरुपयोग, आसक्ती व मृत्यू यांचा धोका आणि औषध इतरांना न देण्याची सूचना यांचा समावेश करावयास लावला.

भारतातील स्थिती : अँफेटामीन, मेथॅम्फेटामीन व मेथिलफेनिडेट ही द्रव्ये १९८५ च्या अंमली औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीच्या अधिनियमाच्या कक्षेत येतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या ‘एक्स’ परिशिष्टातही त्यांची नोंद आहे. या परिशिष्टातील औषधासाठी वैद्याने सूचनापत्र दोन प्रतींत द्यावे लागते व त्यांतील एक प्रत औषधविक्रेत्यास दोन वर्षे जपून ठेवावी लागते. प्रत्यक्षात मेथिलफेनिडेट मोठ्या शहरांतील मोजक्याच दुकानांत मिळते. या कडकपणामुळे दुरुपयोगास आळा बसतो हे खरे. पण ज्या मुलास औषधाची खरोखर गरज आहे, त्याच्या पालकांना ते शोधत हिंडावे लागते, हेही तितकेच खरे.

नियमांच्या या जाळ्यातून सुटणाऱ्या द्रव्यांपैकी मेफेंटरमीन हे विशेष उल्लेखनीय आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी भुलीमुळे उतरलेला रक्तदाब चढविण्यासाठी भूलतज्ञ ते टोचतात. त्याची रचना अँफेटामिनाच्या जवळची असून शरीरात त्यापासून भूक मारणारे फेंटरमीन तयार होते. शीण न येता जास्त वजन उचलता यावे, म्हणून व्यायामशाळांत जाणारे काही तरुण याच्या कुप्या मिळवून स्वतःस टोचून घेतात. भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत त्यामुळे आसक्ती, मनोविकृती व हृदयविकार झालेल्या रोग्यांची वृत्ते आली आहेत आणि महाराष्ट्रातही अशा कुप्यांचे बेकायदा साठे पकडले गेले आहेत. शरीरसौष्ठव कमावण्याच्या नादात घेतलेले हे औषध स्नायू वाढवीत नाही. ते केवळ दमल्याची खूण पुसून टाकते.

तीव्र विषबाधा व उपचार : अतिमात्रा झालेला रोगी अस्वस्थ, घामाने निथळणारा, वेगवान नाडीचा व पुष्कळदा भांडखोर असतो. त्यास बळाने बांधून ठेवल्यास स्नायूंची झटापट वाढून तापमान आणखी चढते. म्हणून शांत, थंड जागी ठेवून ताबडतोब रुग्णालयात नेणे हेच घरच्यांचे काम होय. छातीत दुखणे, आकडी, एका बाजूची शक्ती जाणे किंवा अंग भाजल्यासारखे तापणे यांपैकी काहीही दिसल्यास क्षणाचाही विलंब करू नये. रोग्याने काय व किती घेतले हे वैद्यास निःसंकोच सांगावे व उरलेली गोळी किंवा कुपी सोबत न्यावी.

या विषावर विशिष्ट उतारा नाही. डायाझेपाम वर्गातील शामक औषधे नीलेतून देणे हा उपचाराचा कणा असून त्यांनी क्षोभ, आकडी व रक्तदाब ही तिन्ही आटोक्यात येतात. तापमान बर्फाच्या पाण्याने झपाट्याने उतरवितात. गोळ्या घेऊन तासाभराहून अधिक वेळ झाला नसेल, तर सक्रियित कोळसा पोटात देतात. मूत्र अम्लीय करून औषध लवकर बाहेर घालविण्याची जुनी पद्धत मूत्रपिंडास अपाय होत असल्याने आता सोडून देण्यात आली आहे.

आसक्ती सोडविण्यासाठी अद्याप कोणतेही औषध मान्यता पावलेले नाही. वर्तनचिकित्सा, कुटुंबाचे सहकार्य आणि औषधमुक्त राहिल्याबद्दल ठराविक काळाने छोटी बक्षिसे देण्याची पद्धत यांचा गुण दिसून आला आहे. औषध सुटल्यानंतरचे पहिले एक-दोन आठवडे रोग्यास एकटे सोडू नये. खिन्नता टिकल्यास मानसोपचारतज्ञाकडे न्यावे. मूळचीच अवधान-न्यूनता असलेल्या व आसक्तीतून बाहेर आलेल्या व्यक्तीस पुन्हा उपचार हवा असतो. तेथे उत्तेजक नसलेले ॲटोमॉक्सेटीन देतात. कधीकधी लिसडेक्सअँफेटामीन निवडतात, कारण ते रक्तातच हळूहळू डेक्स्ट्रोअँफेटामिनात रूपांतरित होत असल्याने नाकाने ओढून वा टोचून अधिक वेगाने चढत नाही. अशा वेळी गोळ्या घरातील वडीलधाऱ्यांच्या ताब्यात कुलुपात ठेवून दररोज एक याप्रमाणे दिल्या जातात व दर महिन्यास त्या मोजून पाहिल्या जातात.